डब्यांना पाय लावायचा नाही

आमच्या योगराजभाऊजींचं वजन नव्वद किलो, पण ते घरात आहेत की नाहीत हे चहाचा कप रिकामा झाल्यावरच कळतं. इतका कमी बोलणारा माणूस. सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाणी कमी आलं की लोकांच्या विहिरीवरच्या मोटरी दिवसभर चालतात, जळतात आणि भाऊजींच्या दुकानापुढे येऊन बसतात. जळकी मोटर आली की भाऊजी आधी तिला कान लावतात. मालक सांगतो की अरे, ती बंद आहे. भाऊजी म्हणतात, असू द्या, सवय आहे.

मी त्यांची वहिनी. माझे यजमान नंदलाल हे त्यांचे थोरले भाऊ. आमच्याकडे छोटा हत्ती आहे, म्हणजे ती चार चाकांची लहान मालवाहू गाडी. हे त्याच्यावर धानाचे कट्टे, म्हणजे चाळीस किलोची पोती, वाहतात. घरात सासूबाई अनुसयाबाई, भाऊजींची बायको नीतू आणि आम्ही. गावच्या भजन मंडळात मी टाळ वाजवते. देवाची कृपा, मला आवाज नाही म्हणून टाळ तरी दिला.

सहा वर्षांपूर्वी गोंदियाला एका लग्नात ऑर्केस्ट्रा होता. सगळे वऱ्हाडी गाणाऱ्या बाईकडे पाहून राहिले होते आणि भाऊजी मागच्या एका माणसाकडे. त्याच्या गळ्यात चार जाड तारांची गिटार होती आणि चेहरा असा, जसं कोणी त्याला उभं राहायची शिक्षा दिली आहे. तो मधेच पाणी प्यायला थांबला, तर नाचणारे लोकही थांबून इकडेतिकडे पाहू लागले. घरी परत येताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, तो थांबला का मांडव रिकामा वाटे." एवढं लांब वाक्य ते स्वतःच्या लग्नातही बोलले नव्हते.

तिला बेस गिटार म्हणतात. तिचा आवाज मोटरीसारखा जमिनीतून येतो. भाऊजींना ती आवडणारच होती.

मग खरेदी सुरू झाली. गिटार एकदाच घेतली, पण तिच्यामागे लागतो तो अॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, ती निवडायला वर्ष गेलं. पहिली पेटी त्यांनी मोडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून आणली. धान खरेदीच्या काट्यावर तोलली तर सव्वा कट्टा भरली, म्हणजे पन्नास किलो. ती उचलायला दोन माणसं लागत, आणि ठेवली की तीच दोन माणसं कंबर धरून बसत. ती विकली. दुसऱ्या वेळी भाऊजी नागपूरच्या दुकानात गेले तेव्हा मी बरोबर होते. दुकानदाराने विचारलं, टोन कसा पाहिजे. भाऊजींनी विचारलं, "इसके ऊपर बैठ के देखूं क्या?"

तीन पेट्यांवर ते बसले. एका पेटीचा पत्रा दबला, ती गेली. दुसरी डुगडुगली, ती पण गेली. तिसरीवर त्यांनी मलाही बसवलं. त्यांचं म्हणणं असं की गावोगावी भजनाला जायचं, तिथे खुर्ची मिळेलच असं नाही, आणि ज्या सामानावर बसता येत नाही ते सामान वाहून न्यावं कायले? तिसरी पेटी अर्ध्या कट्ट्याची होती, एका हाताने उचलता येत होती. दुसऱ्या हातात टिफिन राहतो ना. तिचा आवाज कसा आहे हे त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिलं.

परत येताना एसटीत आम्ही गिटार खिडकीजवळच्या जागेवर उभी ठेवली होती. नीतूने तिला जुन्या लुगड्यांच्या वाकळीची खोळ शिवली होती, फुलाफुलांची. साकोलीला एक म्हातारी चढली, तिला डोळ्यांनी कमी दिसत असावं. ती गिटारीला म्हणाली, "सरक वो बाई जरा." गिटार सरकली नाही तेव्हा भाऊजी सरकले.

नंतर डबे आले. हे मला समजलं तसं सांगते. गिटारीची वायर पेटीत जायच्या आधी काही लहान लोखंडी डब्यांमधून नेतात. प्रत्येक डबा आवाजाला काहीतरी करतो. डब्यावर एक बटन असतं आणि डबा जमिनीवर ठेवतात, कारण दोन्ही हात गिटारीत गुंतलेले असतात. म्हणून बटन पायाने दाबायचं. भाऊजींनी पाच डबे घेतले, पाचही काळे, एकाच मापाचे, आणि त्यांना घरची नावं दिली. मास्तर, कारण तो फक्त सूर चुकला हे सांगतो आणि तोवर सगळ्यांना गप्प बसवतो. पाताळ, तो आवाज अजून खाली नेतो. दाबणी, ती उसळलेला आवाज दाबते. फाटक्या, तो चांगला आवाज फाडून देतो. आणि लहर, तिचं काय काम हे भाऊजींनाही नीट माहीत नव्हतं, पण पाच झाले म्हणजे बरं दिसतं.

हे डबे सुटे नेले तर वायरी गुंतत, म्हणून शहरात त्यांना फळी विकत मिळते. भाऊजींनी म्हटलं, फळीला पैसे कशाला. घरात एक जुना सागाचा पाट होता. त्यांनी पाचही डबे पाटावर स्क्रूने पक्के केले. इथे आमचं दुर्दैव सुरू झालं.

पण ते कळायच्या आधी चांगले सहा महिने गेले. भजन मंडळाचे प्रमुख मनिरामकाका, सत्तर वर्षांचे, चिपळ्या घेऊन पुढे बसतात. बेस गिटार पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं होतं. देवापुढे हे लग्नाचं वाजवाचं का, म्हणाले. भाऊजी मागे खांबाच्या आड बसले. शेवटच्या गजराला त्यांनी पाताळ लावलं, तर देवळाची घंटा कोणी हात न लावता थरथरली. मनिरामकाकांनी गाता गाता वर पाहिलं. गजर संपल्यावर म्हणाले, "हे राहू द्या." त्या दिवसापासून भाऊजी मंडळात पक्के झाले. कोणाशी न बोलता चार लोकांच्या उपयोगी पडता येतं अशी त्यांना दुसरी जागा नाही. दुकानात मोटरीवाले भांडतात. भजनात कोणी भांडत नाही, आणि लोक जाताना म्हणतात, योगराज, आज मजा आली. भाऊजी मान हलवतात. तेवढंच त्यांचं बोलणं.

खांबाच्या आड पाय काय करतो आहे हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

पौषात सासूबाईंना सत्यनारायण घालायचा होता. घरात पाट दोन, त्यातला एक सापडेना. शोधत शोधत त्या भाऊजींच्या खोलीत गेल्या. भाऊजी गिटार घेऊन उभे होते, डोळे मिटलेले, आणि उजवा पाय पाटावर.

सासूबाई म्हणाल्या, "ज्या पाटावर तुले हळद लागली, त्याले लाता मारून रायला?"

भाऊजी इतके दचकले की वायरीत पाय अडकून पलंगावर बसले. म्हणाले, "लात नाही, आई. बटन हाय."

"बटन बोटानं दाबतेत."

भाऊजींनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. पुस्तकाला चुकून पाय लागला तर आम्ही उचलून कपाळाला लावतो, टाळाला लागला तर टाळाला हात जोडतो. इथे वाद्य, तेही भजनाचं, तेही हळदीच्या पाटावर, आणि दर कडव्याला पाय.

सासूबाई त्याच संध्याकाळी मनिरामकाकांकडे गेल्या. काका फार अडचणीत पडले. पंधरा दिवसांवर चिचगडची भजन स्पर्धा होती. देवीच्या देवळासमोर, दिवसा, आठ मंडळं. आपल्याला दरवर्षी प्रमाणपत्र मिळतं आणि पहिल्या नंबरची बादली दुसऱ्या गावाला जाते, हे काकांच्या मनाला लागलेलं होतं. या वर्षी घंटा थरथरवून दाखवायची हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण चिचगडला मंडळ देवीसमोर तोंड करून बसतं. तिथे खांब नाही. पाय पुढे केला म्हणजे थेट देवीकडे.

काकांनी बराच वेळ तंबाखू चोळला आणि निकाल दिला. "आवाज पायजे. पाय नको." पुढे म्हणाले की देवीपुढे डब्याला पाय लागला तर त्या दिवसापासून गिटार बंद, योगराजने मंडळाच्या सतरंज्या उचलाव्या.

त्या रात्री भाऊजींनी भात दुसऱ्यांदा घेतला नाही. नीतू घाबरून माझ्याकडे आली.

मग उपाय सुरू झाले. भाऊजींनी नवे पांढरे मोजे आणले. सासूबाई म्हणाल्या, मोज्यातला पाय पायच असतो. त्यांनी गुडघ्याने दाबून पाहिलं, पण त्यांचा गुडघा एका वेळी तीन डबे दाबतो. लाटणं काखेत धरून दाबलं, तर लाटणं घसरून तारांवर आलं. कपाळाने दाबायचा विचारही झाला होता. देवापुढे कपाळ टेकलं तर चांगलंच दिसेल, असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी, वाकल्यावर तुम्हाला उठवायला दोन माणसं लागतील, ती पहिल्या पेटीसारखी गत होईल.

शेवटी सासूबाईंचंच वाक्य कामाला आलं. बटन बोटाने दाबतात, तर बोट माझं घ्या. नीतूला विचारलं होतं, पण ती म्हणाली की मले करंट बसते. म्हणून मी. उजव्या हाताची बोटं डब्यांसाठी मोकळी आणि टाळ मांडीवर. मला डब्यांवरची इंग्रजी अक्षरं कळत नाहीत, म्हणून प्रत्येक डब्यावर वेगळ्या रंगाची टिकली लावली. पाताळावर हिरवी, फाटक्यावर लाल, म्हणजे तिकडे जायचंच नाही. डावीकडून मोजायचं, एक मास्तर, दोन पाताळ, तीन दाबणी, चार फाटक्या, पाच लहर. पहिल्या दोन दिवसांत मी भाऊजींना चार वेळा गप्प केलं. नंतर जमलं. रोज देवाला दिवा लावताना मी एक दोन तीन चार पाच म्हणत असे. देव म्हणत असेल, ही मोजून काय राहिली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी छोटा हत्ती भरला. खाली सतरंज्या, मधे पेटी बारदान्यात गुंडाळलेली, पाट गोधडीत, हार्मोनियम माझ्या मांडीवर. सासूबाई पेटीवर बसल्या. देवरीपर्यंत एकदाही पाठ दुखली म्हणाल्या नाहीत. भाऊजी माझ्याकडे पाहून थोडं हसले. निवड बरोबर होती.

भाऊजींचं अजून एक सामान होतं, लोखंडी गज आणि वीस हात तांब्याची वायर. गावोगावी विजेची अर्थिंग नीट नसते, मग पेटी भोंग्यासारखी घूं करत राहते. म्हणून भाऊजी स्वतःचा गज जमिनीत ठोकतात, मिठाचं पाणी घालतात आणि वायर जोडतात. वाइंडिंगवाला माणूस.

चिचगडच्या अलीकडे जंगलाच्या नाक्यावर गार्डने गाडी थांबवली. त्याने गोधडी उघडली. आत काळे डबे, वायरी, आणि बाजूला गज. त्याचा चेहरा बदलला. त्या भागात काही लोक रानडुकरांसाठी तारेत करंट सोडतात, आणि त्यांचंही सामान असंच असतं. त्याने विचारलं, हे कशासाठी. भाऊजींनी सगळ्यात लहान उत्तर दिलं, "करंट जमिनीत सोडासाठी."

माझे यजमान स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

मग सगळे एकदम समजावू लागले आणि गार्डला काहीच समजेना. तेव्हा मनिरामकाका खाली उतरले, चिपळ्या काढल्या आणि रस्त्यावरच सुरू झाले. आम्हीही उतरून धरलं. दुसऱ्या कडव्याला गार्डने टोपी काढली. तिसऱ्याला तो टाळी देत होता. चौथं ऐकल्याशिवाय मात्र त्याने सोडलं नाही. त्याचं काही चुकलं नाही, पण यात पाऊण तास गेला.

चिचगडला पोचलो तेव्हा आमचं नाव पुकारून राहिले होते. भाऊजींनी मंचावर पाट ठेवला आणि गज ठोकायला देवळामागे धावले. मी हार्मोनियम उतरवायला गेले. तेवढ्यात तिथल्या स्वागताच्या बाया हळदकुंकू घेऊन आल्या. त्यांनी काय पाहिलं असेल? देवीपुढे सागाचा पाट. पाटावर पाच मूर्तींसारखं काहीतरी, प्रत्येकीला टिकली. त्यांनी पूजा केली. हळद, वर बोटभर कुंकू, शेवंतीचं एकेक फूल. पूजा सोयीची व्हावी म्हणून पाटही फिरवून घेतला. हे फिरवण्याचं मला घरी आल्यावर कळलं. भाऊजी आले, घाईत वायरी बरोबर भोकांत घातल्या आणि बसले. मी बसले तेव्हा पाचही डबे लाल.

पहिली दोन भजनं डब्यांशिवाय होती, ती छान झाली. तिसऱ्यात पाताळ. मी देवीचं नाव घेतलं, डावीकडून दोन मोजले आणि दाबलं.

पाट फिरलेला होता, म्हणून दोन नंबरवर फाटक्या होता. असा आवाज निघाला की जणू धानाच्या मिलमध्ये कोणी खिळ्यांचं पोतं ओतलं. पहिल्या रांगेतल्या बाया मागे सरकल्या. परीक्षकांच्या हातातला पेन पडला. मी लगेच पुन्हा दाबून बंद केलं. दुसऱ्या टोकाचा दाबून पाहिला, तर भाऊजी जोरजोरात वाजवत आहेत आणि काहीच ऐकू येत नाही. तो मास्तर. तोही परत दाबला. मग तिसरा दाबायची माझी हिंमत झाली नाही आणि मी हात मांडीवर घेतला. गजर जवळ येऊन राहिला होता. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी कुंकवाखालचा पाताळ ओळखला असणार, सहा महिने पायाखाली होता तो. त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. मांडी घातलेल्या पायाचा अंगठा हलला. पेटीजवळ बसलेल्या सासूबाईंनीही तो पाहिला. भाऊजींनी देवीकडे पाहिलं आणि पाय आणखी आत ओढून घेतला. अंगठा हलला तेव्हा मला सतरंज्याच दिसल्या होत्या.

मनिरामकाकांना यातलं काही माहीत नव्हतं. गजर आला, ते उभे राहिले. गजराला ते नेहमीच उभे राहतात, डोळे मिटून दोन पावलं पुढे, तीन मागे. नेहमी मागे मोकळी जागा असते. त्या दिवशी मागे पाट होता. तिसरं पाऊल मागे आलं, अनवाणी, सत्तर वर्षांचं, आणि बरोबर डावीकडून चौथ्या डब्यावर पडलं.

पाताळ लागलं. मंच थरथरला, देवीच्या घंटेने कंप धरला, पाटावरची शेवंतीची फुलं आपोआप नाचायला लागली. काकांनी डोळे उघडले नाहीत. आवाज आला एवढंच त्यांना कळलं, आणि ते अजून जोरात नाचले. नशीब, पाय पुन्हा डब्यावर नाही पडला.

मला वाटलं, काकांना कळलंच नाही तर बरं. पण मंचावरून उतरून त्यांनी तळपाय पाहिला. लालभडक कुंकू. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं, भाऊजींनी जमिनीकडे. शेवटी काकांनी सासूबाईंना विचारलं, "अनुसयाबाई, आता माझं काय कराचं? सतरंज्या उचलू का?"

सासूबाईंनी पदर नीट केला. त्या कोणताही निकाल पदर नीट केल्याशिवाय देत नाहीत. म्हणाल्या, "भजनात नाचनाऱ्याचे पाय मोजाचे नसतेत. ते त्याचे नसतेतच."

काकांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागून आवाज आला. भाऊजी होते. "आई, मंग मी बी नाचलो तं चालन का?"

सासूबाईंनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "तुले येते का?"

बादली मिळाली नाही. तिसरा नंबर आला, स्टीलचं घमेलं मिळालं, आणि फाटक्याबद्दल परीक्षकांनी प्रामाणिकपणे विचारलं की तो प्रकार कोणत्या परंपरेतला आहे. काका म्हणाले, आमच्याकडचा आहे.

तेव्हापासून आमच्या मंडळात असं चालतं. भाऊजी मांडी घालून वाजवतात. कडवं संपत आलं की हाताने जमीन धरून उठतात, त्याला अर्धं कडवं जातं, म्हणून आधीपासून सुरुवात करावी लागते. मग नव्वद किलोंचा तो माणूस देवापुढे डोळे मिटून डावीकडे दोन पावलं, उजवीकडे दोन पावलं नाचतो, आणि त्यातलं एक पाऊल पाटावर पडतं. मग वाकून पाटाला हात लावतो, हात कपाळाला. बाहेरगावचे लोक आम्हाला हळूच विचारतात, यांच्या अंगात येतं का.

मी सांगते, नाही जी, आवाज बदलून राहिले.

नाचायला मात्र ते अजून शिकून राहिले आहेत. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, आरशासमोर. सासूबाई दारातून पाहतात. परवा म्हणाल्या की आता पहिल्यापेक्षा बरा आहे, निदान आवाज बदलायला उठला की नाचायला, हे ओळखू येत नाही.

सत्यनारायणाला आम्ही नवा पाट घेतला.